सर वॉल्टर स्कॉट : एका कादंबरीकाराचे ऋण

कादंबरी हा शब्द कानी पडताच आमच्या मंडळ्यांतील कित्येक वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही आज आम्ही एका कादंबरीकाराचेच चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याच्या ग्रंथांची कीर्ती मोठी, म्हणून तेवढ्यासाठी नव्हे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असता, त्याच्या डोक्यावर सुमारे १,२०,००० पौंडांचे कर्ज एका दिवसात कोसळले. आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याने जे केले, ते कर्जाचा जाच ज्यांच्या घरोघर परिचयाचा आहे अशा आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींनी ऐकावे, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

वॉल्टर स्कॉटचा जन्म स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी १५ ऑगस्ट १७७१ रोजी झाला. बाप कायद्याच्या धंद्यातला, काटकसरी, कडक शिस्तीचा व प्रेस्बिटेरियन मंडळीचा निष्ठावंत सभासद होता. आई ॲन रदरफर्ड ही वैद्यकाच्या एका प्राध्यापकाची कन्या. ह्या दांपत्याची आधीची सहा लेकरे तान्हेपणीच दगावली होती. घर जुन्या शहराच्या अरुंद बोळात असून तेथे उजेड व मोकळी हवा यांचा तोटाच होता. वॉल्टर दीड वर्षाचा असता त्यास ताप आला, आणि तो उतरल्यावर त्याच्या उजव्या पायातील शक्ती गेल्याचे दिसून आले. आजचे वैद्य ह्या दुखण्यास पोलिओ म्हणतात. त्या काळी त्यास नावही नव्हते. पाय जन्मभर लंगडा राहिला.

वैद्यांनी हात टेकल्यावर आजोबा डॉ. रदरफर्ड यांच्या सल्ल्याने मुलास दुसऱ्या आजोबांकडे, म्हणजे बापाच्या बापाकडे, इंग्लंडच्या सीमेजवळील सँडीनो ह्या शेतावर पाठविले. तेथे खेडवळ उपाय झाले. मेंढी मारली की तिचे ऊन ऊन कातडे पोराच्या अंगाभोवती गुंडाळीत व त्यास जमिनीवर सोडीत. नात्यातील एक म्हातारे लष्करी गृहस्थ गुडघे टेकून आपले घड्याळ त्याच्यापुढे सतरंजीवरून ओढीत, की त्याच्या मागे तरी पोराने रांगावे. हवा चांगली असली म्हणजे मेंढपाळ त्यास डोंगरावर नेऊन मेंढरांत निजवून ठेवी. एकदा पोर तेथे आहे ह्याचीच सर्वांस विसर पडली आणि गडगडाटासह वादळ आले. आत्या धावत गेली तो हा उताणा पडून प्रत्येक विजेबरोबर टाळ्या पिटीत आहे!

ह्याच आत्याने, जेनेट स्कॉटने, त्यास मांडीवर घेऊन सीमेवरच्या जुन्या लढायांची, दरोड्यांची व वीरांची गाणी शिकविली. अक्षरओळख होण्यापूर्वीच लांबलचक पोवाडा त्यास मुखोद्गत झाला होता आणि तो तो इतक्या मोठ्याने म्हणे की भेटीस आलेल्या धर्मोपदेशकास बोलणे अशक्य होई. आमच्याही घरात अशी लेकरे असतात; त्यांना गप्प बसविण्याची घाई आपण जरा कमी करावी.

पुढे तो पायाच्या उपचारासाठी आत्येबरोबर बाथ येथे जाऊन आला, १७७९ साली एडिंबरोच्या हायस्कुलात दाखल झाला, व काही महिने केल्सो गावच्या शाळेत होता. केल्सोच्या शाळेत जेम्स बॅलंटाइन नावाचा सोबती त्यास मिळाला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. शाळेत स्कॉट फारसा चमकला नाही. पण हाती पडेल ते वाचण्याचा व वाचलेले न विसरण्याचा गुण त्याच्या अंगी विलक्षण होता. पंधरा-सोळा वर्षांचा असता एका विद्वानाच्या घरी स्कॉटलंडचा थोर कवी रॉबर्ट बर्न्स आला होता. भिंतीवरील एका चित्राखाली काही ओळी होत्या. त्या कोणाच्या, असे बर्न्सने विचारले. इतके पंडित जमले होते, पण कोणास सांगता येईना. कोपऱ्यातल्या ह्या पोराने मात्र कवीचे नाव हळूच एका मित्राच्या कानात सांगितले. बर्न्सने त्याच्याकडे वळून जी नजर टाकली ती स्कॉट कधी विसरला नाही.

१७८६ साली बापाने त्यास आपल्याच कचेरीत उमेदवार म्हणून घेतले. काम नकला करण्याचे व कंटाळवाणे. पण पानामागे पैसे मिळत व त्या पैशांतून पुस्तके घेता येत; म्हणून एकदा अन्न व विश्रांती न घेता त्याने एका बैठकीत मोठ्या आकाराची १२० पाने लिहून काढली. त्याच्या हातास ही जी सवय लागली, तीच चाळीस वर्षांनी त्याच्या अब्रूच्या उपयोगी पडावयाची होती. १७९२ साली तो वकिलीची परीक्षा उतरला.

वकिली बेताचीच चाले. सुटीत मात्र तो घोड्यावर बसून लिड्सडेलच्या दुर्गम खोऱ्यात जाई व म्हाताऱ्या मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडची जुनी गाणी उतरून घेई. सतत सात वर्षे हा क्रम चालला. त्या खोऱ्यात तेव्हा चाकाच्या गाडीस रस्ता नव्हता. ह्या संग्रहास एका मेंढपाळाचा मुलगा जॉन लेडन ह्याचे मोठे साह्य झाले. हाच लेडन १८०३ साली मद्रासेस आला, इकडच्या अनेक भाषा शिकला व बाबर बादशहाच्या आत्मचरित्राच्या भाषांतरास हात घालून १८११ साली जावा बेटात मरण पावला. ते भाषांतर पुढे मुंबईत राहिलेल्या विल्यम अर्स्किनने पुरे केले. जेम्स हॉग ह्या मेंढपाळ कवीच्या आईनेही स्कॉटला गाणी सांगितली. परंतु छापील पुस्तक पाहिल्यावर ती म्हातारी रागावली. ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, आणि छापून तुम्ही त्यांची माती केली, अशी तिची तक्रार होती. जात्यावरच्या ओव्या कागदावर पाहिल्या म्हणजे त्या म्हातारीचे म्हणणे अगदीच खोटे होते असे आम्हांस वाटत नाही. पण छापल्या नसत्या तर त्यांतील पुष्कळ गाणी आज कोणासही ठाऊक नसती.

तारुण्यात विल्यमिना बेल्शेस नावाच्या एका थोर घराण्यातील मुलीवर त्याचे मन बसले होते. ते लग्न झाले नाही. तिने विल्यम फोर्ब्झ नावाच्या सावकारपुत्राशी लग्न केले. हे नावही स्मरणात असावे. २४ डिसेंबर १७९७ रोजी स्कॉटने फ्रेंच कुळातील शार्लट कार्पेंटर हिच्याशी कार्लाइल येथे विवाह केला. त्यांस दोन मुलगे व दोन मुली झाल्या. १७९९ साली तो सेलकर्क जिल्ह्याचा शेरीफ झाला व १८०६ साली वरिष्ठ न्यायालयात लेखनिकाच्या मोठ्या जागेवर नेमला गेला. शेरीफ ह्या नात्याने त्याच्यापुढे टॉम पर्डी नावाचा एक शिकारचोर आणण्यात आला. त्या मनुष्याने आपल्या बायकामुलांची उपासमार अशा काही साध्या व विनोदी रीतीने सांगितली की स्कॉटने त्यास सोडून तर दिलेच, परंतु पुढे आपल्याच पदरी मेंढपाळ म्हणून ठेविले. पर्डीने मरेपर्यंत धन्याची सेवा केली.

१८०५ पासून स्कॉटची काव्ये निघू लागली व लोकांनी ती डोक्यावर घेतली. दुसरे काव्य एक ओळही न पाहता प्रकाशक कॉन्स्टेबलने १,००० गिनींस विकत घेतले. तिसरे, सरोवरस्वामिनीचे काव्य, १८१० साली निघाले तेव्हा त्यात वर्णिलेले कॅट्रिन सरोवर पाहण्यास इतके लोक लोटले की तिकडच्या खाणावळी भरून गेल्या. १८१३ साली राजकवीचे पद त्याने नाकारले व ते गरजू मित्र सदी ह्यास मिळावे अशी खटपट केली. ह्या काव्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. ती आता थोडेच लोक वाचतात. बायरनचा उदय झाल्यावर आपले काव्यातील दिवस संपले हे स्कॉटने स्वतःच ओळखले व त्याबद्दल कधी मत्सर धरला नाही.

ह्याच काळात त्याच्या हातून ती गोष्ट घडली जिने पुढे त्यास बुडविले. शाळासोबती बॅलंटाइन ह्याच्या छापखान्यात तो १८०५ साली भागीदार झाला, आणि १८०९ साली बॅलंटाइन बंधूंबरोबर पुस्तके प्रसिद्ध करण्याची पेढीही त्याने काढली. भागीदारी गुप्त होती. न्यायालयाच्या अधिकाऱ्याने व्यापार करणे त्या काळी शोभत नसे. गुप्त भागीदारी म्हणजे नफा गुप्त, तोटा गुप्त व हिशेबही गुप्त. शिवाय १८११ साली ट्वीड नदीच्या काठी एक ओसाड शेत त्याने घेतले, त्यास ॲबट्सफर्ड असे नाव दिले, आणि पुढची चौदा वर्षे तो शेजारची जमीन विकत घेत व किल्ल्यासारखा वाडा बांधीत राहिला. शेजाऱ्यांस त्याची हाव कळली व ते भाव वाढवून मागू लागले. तो देत गेला. आपण एका घराण्याचा मूळपुरुष व्हावे हा त्याचा मोह होता.

१८०५ च्या सुमारास त्याने एका गोष्टीची काही प्रकरणे लिहून टाकून दिली होती. १८१३ साली मासे धरण्याचे सामान शोधीत असता ते कागद एका जुन्या मेजात सापडले. १८१४ च्या उन्हाळ्यात, दिवसा न्यायालयाचे काम सांभाळून, राहिलेले दोन भाग त्याने तीन आठवड्यांत पुरे केले. त्याच्या घरासमोर मागच्या गल्लीतील एका खोलीत काही तरुण मेजवानीस जमले होते. त्यांतील एकास समोरच्या खिडकीत एक हात दिसला. तो हात लिहीत होता. पानामागून पान भरून ढिगावर टाकीत होता आणि थांबतच नव्हता. दिवे लागले तरी थांबला नाही. रोज संध्याकाळी हेच. त्या बिचाऱ्या तरुणास पेला तोंडास लाविता येईना. तो हात कोणाचा हे त्यांस पुढे कळले. ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी ७ जुलै १८१४ रोजी निघाली, आणि पहिल्या १,००० प्रती थोड्याच आठवड्यांत खपल्या.

पुस्तकावर कर्त्याचे नाव नव्हते. पुढे ‘रॉब रॉय’, ‘आयव्हॅन्हो’, ‘केनिलवर्थ’, ‘क्वेंटिन डर्वर्ड’ अशा कादंबऱ्या वर्षास एक, कधी दोन, निघत गेल्या; ‘रॉब रॉय’च्या पहिल्या छपाईच्या १०,००० प्रती होत्या; तरी नाव नाहीच. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मूळ प्रत दुसऱ्याकडून उतरवून मगच छापखान्यात जाई. पुष्कळांनी ताडले होते, पण तो हसून नाकबूल करी. १८१७ च्या आरंभी तर त्याने आपल्याच कादंबऱ्यांवरील परीक्षण निनावी लिहून एका नामांकित त्रैमासिकात छापविले. हे काही चांगले झाले नाही. एवढ्या मोठ्या मनुष्याने असला खेळ खेळावयास नको होता.

ह्या परीक्षणामागे एक वादही होता, आणि तो आमच्या वाचकांस जवळचा आहे. १८१६ साली निघालेल्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ ह्या कादंबरीत स्कॉटने १६७९ सालच्या कव्हेनंटर लोकांच्या बंडाचे चित्र काढिले. राजाने लादलेली बिशपांची सत्ता न मानता जे स्कॉच लोक माळावर, डोंगरात उपासना करीत व त्यासाठी प्राणही देत, ते हे कव्हेनंटर. स्कॉटने त्यांतील कित्येकांस हेकट व रक्तपिपासू दाखविले, व त्यांना छळणारा सरदार क्लॅव्हरहाउस ह्यास डौलदार. डॉ. टॉमस मॅक्री ह्या विद्वान पाळकाने १८१७ साली लांबलचक टीका लिहून त्यास जाब विचारिला. आमच्या मते मॅक्रीचे पुष्कळ म्हणणे रास्त होते. स्कॉट प्रेस्बिटेरियन घरात वाढला असला तरी त्याचा ओढा राजपक्षाकडे व एपिस्कोपल मंडळीकडे होता, आणि कादंबरीत तो लपला नाही.

परंतु त्याच हाताने दोनच वर्षांनी ‘मिडलोथियनचे काळीज’ ही कादंबरी लिहिली, आणि आमच्या मंडळ्यांस त्याचे एकच पुस्तक सांगावयाचे झाले तर आम्ही हे सांगू. कव्हेनंटरांच्याच परंपरेतील एका गवळ्याच्या दोन मुली. धाकटी एफी कुमारिका असता प्रसूत होते, मूल नाहीसे होते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे जिने गरोदरपण कोणासही सांगितले नाही व जिचे मूल सापडत नाही, तिने ते मारिलेच असे धरीत व तिला फाशी देत. थोरली जीनी हिने शपथेवर एवढेच म्हणावयाचे, की बहिणीने मला सांगितले होते. की एफी सुटली. पण एफीने सांगितले नव्हते. जीनी खोटी शपथ घेत नाही. बहिणीस फाशीची शिक्षा होते. मग ही खेडवळ मुलगी बहुतेक वाट पायी तुडवून लंडनला जाते, ड्यूक ऑफ आर्गाइलच्या मध्यस्थीने राणीपुढे उभी राहते व क्षमा मिळवून आणते. गोष्ट मुळात खरी होती; हेलन वॉकर नावाच्या गरीब स्त्रीने हे केले होते, व ती १७९१ साली मरून विस्मृतीत गेली होती. १८३१ साली, स्वतः कर्जात असता, स्कॉटने आयर्नग्रे येथे तिच्या कबरेवर दगड बसविला. राजेराजवाडे, सरदार, घोडेस्वार असलेल्या त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांत एवढी उंच नायिका दुसरी नाही.

१८२० साली त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर्व समारंभाची सूत्रे त्याच्याच हाती होती. युरोपभर त्याची पुस्तके भाषांतरित होऊन वाचली जात होती. आणि मग १८२५ चा हिवाळा आला.

हे संकट कसे आले ते नीट सांगणे आवश्यक आहे. स्कॉटची पुस्तके बॅलंटाइन छापी, कॉन्स्टेबल प्रसिद्ध करी, व कॉन्स्टेबलचे लंडनमधील आडते त्यांची विक्री करीत. रोख पैसा कोणापाशीच पुरेसा नव्हता. म्हणून एकमेकांच्या नावाने हुंड्या लिहावयाच्या, पेढीवर वटवून पैसा उचलावयाचा, मुदत भरली की नवी हुंडी लिहून जुनी फेडावयाची, असे वर्षानुवर्षे चालले होते. स्कॉट स्वतः अजून न लिहिलेल्या पुस्तकांवर पैसे उचलून ॲबट्सफर्डच्या भिंती चढवीत होता. एकाने दुसऱ्यास जामीन, दुसऱ्याने पहिल्यास जामीन. गावात दोन भिकारी एकमेकांस जामीन राहिले म्हणजे सावकारास जो आधार, तोच हा. १८२५ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात पैशाची टंचाई पडली. लंडनचे आडते बुडाले, त्यांनी कॉन्स्टेबलास बुडविले, त्याने बॅलंटाइनास. आणि बॅलंटाइन म्हणजे स्कॉट, हे जानेवारी १८२६ मध्ये जगास कळले. सर्व मिळून देणे सुमारे १,२०,००० पौंड ठरले. ह्यातील मोठा भाग त्याने स्वतः उपभोगिलाही नव्हता.

दिवाळे काढण्याचा मार्ग कायद्याने मोकळा होता. मालमत्ता वाटून टाकावयाची, रुपयात काही आणे सावकारांच्या हाती पडावयाचे, व ऋणको मोकळा. स्कॉटने हे नाकारिले. त्याने सावकारांस सांगितले की माझे सर्व उत्पन्न विश्वस्तांच्या हाती घ्या, मला फक्त मुदत द्या. माझा उजवा हात हे सर्व फेडील. सावकारांनी मान्य केले. वाडा व जमीन मुलाच्या लग्नात, १८२५ साली, त्याच्या नावे झालेली होती. त्यात राहण्याची त्यास मोकळीक मिळाली. एडिंबरोतील कॅसल स्ट्रीटवरचे घर मात्र विकले. ज्या खिडकीत तो हात दिसला होता ते हे घर.

मदतीची बोलणी आली. निनावी गृहस्थाने ३०,००० पौंड देऊ केले. मुलींना वीणावाद्य शिकविणारा गरीब शिक्षक आला व आपली पाच-सहाशे पौंडांची शिल्लक, बहुधा आयुष्याची सर्व कमाई, पुढे करू लागला. स्कॉटने कोणाचेच घेतले नाही. घरचा बटलर नोकरी सोडण्यास कबूल होईना. गाडीवान नांगर धरू लागला. चार महिन्यांनी, १५ मे १८२६ रोजी, पत्नी शार्लट वारली. तिला पुरून आल्यावर थोड्याच दिवसांत तो पुन्हा लिहावयास बसला.

‘वुडस्टॉक’ ही कादंबरी ह्या धुमाळीतच पुरी झाली व तिचे ८,००० पौंडांहून अधिक आले. नेपोलियनचे नऊ भागांचे चरित्र १८२७ साली निघाले. त्याचे १८,००० पौंड. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी एका मेजवानीत त्याने सर्व कादंबऱ्यांचा कर्ता आपणच असल्याचे जाहीरपणे कबूल केले. हिशेबाच्या वह्या सावकारांपुढे उघड्या पडल्यावर लपविण्यासारखे काय उरले होते? त्याच वर्षी ‘सर्जनची कन्या’ ही गोष्ट आली. तिचा शेवटचा भाग मद्रास व म्हैसूर येथे, हैदर आणि टिपू यांच्या दरबारात, घडतो. स्कॉट हिंदुस्थानात कधी आला नव्हता. इकडे लष्करात राहून गेलेल्या एका शेजाऱ्याकडून त्याने माहिती घेतली होती. खलपुरुष हत्तीच्या पायी तुडविला जातो. गोष्ट काही उत्तम नाही. घाईत, विश्वस्तांच्या तगाद्यात लिहिलेली दिसते. बरे लिहिणे आणि भराभर लिहिणे ह्यांत त्यास आता निवड करता येत नव्हती.

एका लंडनच्या पेढीने करार मानण्याचे नाकारून त्यास कैदेत टाकण्याची धमकी दिली. स्कॉटने पळून जाण्याची तयारीही मनात केली होती. इतक्यात ते प्रकरण एकाएकी मिटले. सावकार-मंडळात बसलेल्या सर विल्यम फोर्ब्झने ती सुमारे २,००० पौंडांची रक्कम गुपचूप आपल्या पदरची भरली होती. ज्याने तारुण्यात त्याच्या मनातली वधू नेली होती तोच हा फोर्ब्झ. तो जिवंत असेपर्यंत स्कॉटला हे कळले नाही.

दोन वर्षांत त्याच्या लेखणीने सावकारांस सुमारे ४०,००० पौंड दिले. १८२९ पासून प्रकाशक कॅडेलने सर्व कादंबऱ्यांची स्वस्त आवृत्ती, दरमहा पाच शिलिंगांस एक भाग अशी, काढिली. पूर्वी एका कादंबरीस दीड गिनी पडे. आता दुकानदार व कारागीरही घेऊ लागले आणि खप महिन्यास ३५,००० पर्यंत गेला. डिसेंबर १८३० मध्ये सावकारांनी त्याचा ग्रंथसंग्रह व घरसामान त्याचे त्यास भेट म्हणून परत दिले. पण त्याआधीच, फेब्रुवारी १८३० मध्ये, पक्षाघाताचा पहिला झटका आला होता. वैद्य लिहू नको म्हणत. चुलीवर भांडे ठेवून त्यास उकळू नको म्हणावे तसे हे, असे त्यास वाटे. अक्षर बिघडले, शब्द चुकू लागले. तो मजकूर सांगे व लेडलॉ नावाचा जुना मित्र उतरून घेई.

राजकारणात तो जुन्या मताचा होता. १८३१ साली जेडबरोस मताधिकाराच्या सुधारणेविरुद्ध बोलावयास गेला असता विणकरांनी त्याची हुर्यो केली. विणकरांची बाजू न्यायाची होती, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. तरी त्या थकल्या, लंगड्या म्हाताऱ्याची त्या दिवशीची परत फेरी डोळ्यांपुढे आणवत नाही.

त्या ऑक्टोबरात सरकारने त्याच्या प्रकृतीसाठी आरमाराचे एक जहाज देऊन त्यास माल्टा व इटलीकडे पाठविले. नेपल्स, रोम पाहिले, मन लागेना. कर्ज सर्व फिटले असा भ्रम त्यास होऊ लागला होता, व जवळच्या लोकांनी तो मोडला नाही. घरी परतताना ऱ्हाइन नदीवर आणखी एक झटका आला. ११ जुलै १८३२ रोजी त्यास गाडीत घालून ॲबट्सफर्डकडे आणिले. वाटभर बेशुद्धीसारखा पडला होता. पण ट्वीडचे खोरे लागताच डोळे उघडले, ओळखीच्या टेकड्या दिसताच उठून बसू लागला, आणि दारात कुत्री येऊन हात चाटू लागली तेव्हा रडू व हसू दोन्ही एकदम आले.

काही दिवस बरे वाटले. जावई लॉकहार्टास त्याने काही वाचून दाखविण्यास सांगितले. कोणते पुस्तक, असे विचारिले असता, ग्रंथ एकच आहे अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचण्यात आला व तो शांतपणे ऐकत राहिला. १७ जुलैस त्याने आपणास मेजापाशी न्यावे असा हट्ट धरिला. मुलीने लेखणी हातात दिली. बोटे मिटेनात, लेखणी कागदावर पडली. तो खुर्चीत मागे टेकला आणि डोळ्यांतून मुकाट पाणी वाहू लागले. २१ सप्टेंबर १८३२ रोजी, खिडक्या सताड उघड्या असता, चारी मुले जवळ असता त्याने प्राण सोडिला. ड्रायबरोच्या भग्न मठात पत्नीशेजारी त्यास पुरले. शवपेटी त्याच्या नोकरांनीच वाहिली. मागे गाड्यांची रांग मैलभर होती.

त्या दिवशी सुमारे ५४,००० पौंड देणे शिल्लक होते. जिवाच्या विम्याचे २२,००० आले, आणि पुस्तकांच्या हक्कांवर कॅडेलने ३०,००० पौंड उसने दिले; सावकारांचे मुद्दल पुरे झाले. कॅडेलचेही देणे हक्क त्यास कायमचे देऊन १८४७ साली मिटले.

तोवर त्याची चारी मुले संपली होती. धाकटी मुलगी ॲन बापामागून वर्षभरात गेली. थोरली सोफिया १८३७ साली. धाकटा चार्ल्स १८४१ साली तेहरान येथे. ज्याच्या नावे तो वाडा केला होता तो थोरला मुलगा, सर वॉल्टर, घोडदळाचा अधिकारी म्हणून हिंदुस्थानात चाकरीस होता. आजारी पडून स्वदेशी जात असता केप ऑफ गुड होपजवळ जहाजावर तो वारला. सालही १८४७ च. त्यास मूल नव्हते. बॅरोनेटची पदवी लोपली, वाडा पुढे सोफियाच्या मुलीकडे गेला, व तिच्या वंशातील अखेरची मालकीण २००४ साली वारल्यावर तो विश्वस्तांकडे आला. एडिंबरोत त्याचे दोनशे फूट उंचीचे स्मारक आहे, आणि जवळच्या आगगाडीच्या स्टेशनास ‘वेव्हर्ली’ हे त्याच्या पहिल्या कादंबरीचे नाव आहे.